आधी वारा येतो

तापकीर गल्लीत गल्ल्यावरच्या माणसानं
आधी यादी पाहिली, मग मला.
'कॉलेजचा प्रोजेक्ट का मॅडम, मुलाचा?'
म्हटलं, दोनशे बझर, दोनशे रिले,
आणि पक्कं बिल. माझ्या नावानं.
तो म्हणाला, सुटे नाहीत.

धायरीत, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर
आमचा कारखाना: दोन टेबलं, एक कुरकुरता पंखा,
आणि शमीम अत्तार,
जी टाका घालताना श्वास रोखून धरते.
तिची आई जरीकाम करायची.
हात तिकडून आलाय, डिप्लोमा नंतर.
खालून ज्वारीचं पीठ उडतं, सर्किटवर बसतं.
ब्रशनं झाडायचं, मगच टेस्टिंग.

बँकेतल्या साहेबांनी दोन प्रश्न एकदमच विचारले:
मिस्टर काय करतात, आणि हे यंत्र काय करतं?
मिस्टर नाहीत.
यंत्र सांगतं, पाणी आलं.
'एवढंच?'
साहेबांच्या गच्चीवर टाकी असणार.
पहाटे साडेतीनला उठून
कोरड्या नळाखाली बादली लावून
उकिडवं बसून राहणं
त्यांच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात बसणार?

पहिले चाळीस डबे जनता वसाहतीत लावले
आणि चाळीसही खोटं बोलले.
नळात थेंब नाही आणि डबा कोकलतोय.
बायका उठल्या, बसल्या, शिव्या घातल्या.
शेजारच्या तान्ह्या पोरानं रात्र डोक्यावर घेतली.
मी तीन आठवडे ती चूक शोधत होते.
प्रोग्रॅम बदलला, वायर बदलली,
कर्जाचा पहिला हप्ता गेला, दुसरा थकला.
शमीम म्हणाली, ताई, पाइपातून नुसती हवा येते,
डबा तिलाच पाणी समजतो.
मी म्हटलं, मग हवा गाळून टाकू.

डबे काढून आणायला गेले
तर ठकूबाई केंगले सोडेनात.
सहकारनगरात चार घरची भांडी, गुडघ्याला पट्टा,
डब्यावर हात ठेवून उभ्या.
'हा बिघडलेला नाही. हा लवकर बोलतो.
आधी वारा येतो, बाई.
नळ फुस्स करतो, मग वीस मिनिटांनी पाणी.
उन्हाळ्यात पंचवीस.
सासूनं शिकवलं होतं मला, कान लावून.'

मी तिथेच पायरीवर बसले.
चार वर्षं इंजिनिअरिंग, सहा वर्षं नोकरी,
आणि जी मी चूक म्हणून पुसत होते
ती खबर होती.

मग सगळं उलटं केलं.
आता डबा पाण्याची वाट बघत नाही,
वाऱ्याचा कानोसा घेतो.
आत एक पातळ पडदा, फुग्याच्या रबराचा.
तो थरथरला की बारीक टिक,
पोर उठणार नाही एवढी.

भांडारकर रोडवरच्या वकिलीणबाईंनी विचारलं,
अर्जात शोधकाचं नाव काय लिहू?
मी दोन सांगितली.
त्यांनी चष्मा वर केला. 'शिक्षण?'
म्हटलं, तो रकाना असतो का?
बघून म्हणाल्या, नाही, नसतो.

ठकूबाईंना सांगायला पेढे घेऊन गेले.
त्यांनी पेढा घेतला, खाल्ला, हात पदराला पुसला.
'नाव घाल. पण पैशाचं आधी बोल.'
मी म्हटलं, डब्यामागे बारा रुपये.
त्या म्हणाल्या, पंधरा. आणि गुडघ्याच्या डॉक्टरचं वेगळं.
माझा आजवरचा सगळ्यात सरळ सौदा.

सहाशे डबे झाले परवा.
फायदा अजून चिमटीत मावेल एवढा.
पीठ उडतंच आहे, पंखाही तोच.

एकदा विचारलं त्यांना,
वाऱ्यापासून पाण्यापर्यंत
त्या वीस मिनिटांचं काय करता?
झोपता परत?
'छे गं. पडून राहते.
डोळे उघडे, अंधारात.
कुणी हाक मारत नाही.'